बडोद्यात एकत्र बसून झाझेन शिकणं: माहिती, अनुभव, शंका

घडियाळी पोळ (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी.

"झेन ध्यान शिकायचंय, बडोद्यात काही सोय आहे का?" असं अलीकडे ओळखीतल्या बऱ्याच जणांनी विचारलं. प्रत्येकाला वेगळं सांगण्यापेक्षा इथे एकदाच सविस्तर लिहिते.

आम्ही काही जण दर रविवारी सकाळी दांडिया बाजारातल्या एका जुन्या वाड्याच्या माडीवर झाझेनला (झेन या बौद्ध ध्यानपंथातल्या बैठ्या ध्यानाला) बसतो. माझ्यासारख्या निवृत्त शिक्षिका आहेत, रेल्वेत नोकरी केलेले काका आहेत, फाइन आर्ट्सची मुलं आहेत, बँकेतले एक गृहस्थ आहेत. आमच्यात गुरू कोणी नाही. एका सरांनी कोडाईकनालजवळ पेरुमाळमलैला बोधि झेंडोत राहून ही पद्धत शिकून घेतली आहे. (ते केंद्र १९९६ पासून चालू आहे. ते उभं करणारे आमा सामी जेझुइट धर्मगुरू आहेत आणि झेन आचार्यही आहेत.) सर बसायची रीत दाखवतात आणि घंटा वाजवतात. त्यांना न सुटणारा प्रश्न आला तर तो तिथल्या आचार्यांसाठी राखून ठेवतात, स्वतः उत्तर बनवून देत नाहीत. मला ते फार मोलाचं वाटतं.

ज्याला शिकायचंय त्याला माझं पहिलं सांगणं: आधी चार माणसं शोधा, उशी-बिशी नंतर. घरी एकट्याने बसलं की दहाव्या मिनिटाला उठायला कारण मिळतंच. दूध उतू जाईल, कचऱ्याची गाडी येईल, फोन वाजेल. माडीवर शेजारचा माणूस हलत नाही, म्हणून आपणही हलत नाही. आणि आपण हलत नाही म्हणून तो हलत नाही. बुद्धाला शरण जाताना बुद्ध आणि धम्म यांच्या बरोबरीने संघाचं नाव घेतलं जातं, ते शोभेसाठी नव्हे. साधना टिकण्याची व्यवस्थाच ती आहे.

आता प्रत्यक्ष काय करतो ते.

आत आल्यावर आपल्या आसनाकडे तोंड करून हात जोडून वाकायचं, मग वळून समोरच्यांना. आमची पद्धत झेनमधल्या सोतो पंथाची, म्हणून भिंतीकडे तोंड करून बसतो. रिन्झाई या झेनच्या दुसऱ्या पंथात एकमेकांसमोर बसतात. पद्मासन, अर्धपद्मासन, दोन्ही पायांच्या नडग्या जमिनीवर ठेवून साधी मांडी, किंवा मध्ये उशी घेऊन वज्रासन, यांतलं जे जमेल ते. उजव्या तळव्यावर डावा तळवा, अंगठ्यांची टोकं एकमेकांना हलकेच लागलेली. झोप येऊ लागली की अंगठे गळतात आणि ताण आला की एकमेकांवर दाबले जातात, त्यामुळे स्वतःची अवस्था हातावरूनच कळते. जीभ टाळूला, हनुवटी किंचित आत, डोळे अर्धे उघडे आणि नजर दीड-दोन हातांवर खाली.

नव्या माणसाने श्वास मोजायचा. श्वास सोडताना एक, पुढचा सोडताना दोन, असं दहापर्यंत आणि परत एक. मध्येच विचारात वाहून गेलात तर कळल्या क्षणी एकपासून. बऱ्याच जणांचं तीन-चारच्या पुढे जात नाही, आणि त्यात बिघडत काहीच नाही. पुढे मोजणं सोडून नुसतं बसायचं. त्याला शिकानताझा म्हणतात. सोतो पंथ जपानमध्ये रुजवणारे दोगेन (१२००–१२५३) चीनमध्ये शिकून १२२७ मध्ये जपानला परतले आणि त्यांनी हेच लावून धरलं: बसणं हे ज्ञानाकडे जायचं साधन समजू नका, नीट बसणं हाच बोध.

पंचवीस मिनिटं बसणं, मग दहा मिनिटं किनहिन म्हणजे चालतं ध्यान, मग पुन्हा पंचवीस मिनिटं. किनहिनमध्ये छातीशी एका हाताची मूठ, तिच्यावर दुसरा तळवा, आणि एका श्वासाला अर्धं पाऊल. बसण्याच्या सुरुवातीला घंटेचे तीन ठोके, किनहिनसाठी दोन, संपताना एक. जपानी घंटा आमच्याकडे नाही. एका मावशींच्या माहेरची जाड काशाची वाटी आहे, ती कापडाच्या चुंबळीवर ठेवतो आणि कातडं गुंडाळलेल्या सागवानी दांडीने काठावर हलकेच ठोका देतो. स्टीलची वाटी घेऊ नका, तिचा नाद लगेच मरतो. काशाचा बराच वेळ रेंगाळतो आणि तो संपेपर्यंत ऐकत राहणं हा नवख्यांसाठी उत्तम पहिला धडा आहे.

आसनाबद्दल. झाफू म्हणजे घट्ट भरलेली, साधारण वीतभर उंच गोल उशी. तिच्याखाली झाबुतोन ही चौकोनी चपटी गादी. तयार मागवली तर महाग पडते. आम्ही खंडेराव मार्केटच्या बाजूच्या एका गादीवाल्याकडून शिवून घेतल्या: जाड मांजरपाट, कडेला चुण्या, आत सावरीचा कापूस. गादीवाला सैल भरून देतो, कारण त्याच्या डोक्यात झोपायची उशी असते. त्याच्यासमोर बसून दाखवा आणि अंगठा रुतणार नाही इतकं ठासून भरायला सांगा. बाजूला चेन ठेवून घ्या, म्हणजे कापूस दबला की आणखी मूठभर कोंबता येतो. अशा उशीच्या पुढच्या भागावर बसलं की कंबर आपोआप पुढे कलते, गुडघे जमिनीला टेकतात आणि पाठ ताठ ठेवायला वेगळे कष्ट पडत नाहीत. गुडघे अधांतरी राहत असतील तर उशी कमी पडतेय असं समजा.

शेवटी त्रिशरण, पंचशील आणि 'गते गते पारगते' हा हृदयसूत्रातला मंत्र. मग सगळे मिळून माडी झाडून घेतो, चहा होतो आणि ज्याला बोलायचं असेल तो बोलतो.

हे सगळं बडोद्याला परकं आहे असं कुणाला वाटत असेल तर थोडं आपल्या गावाबद्दलही सांगते. शामळाजीजवळच्या देवनी मोरीला १९६० ते ६३ मध्ये आपल्या सयाजीराव विद्यापीठाच्या पुरातत्त्व विभागाने स्तूप उत्खनन केला. तिथे मिळालेल्या दगडी करंडकावर, आत दशबलाचे म्हणजे बुद्धाचे अवशेष आहेत, असा लेख कोरलेला आहे. ती जागा आता मेश्वो धरणाच्या पाण्याखाली आहे आणि करंडक बडोद्यात. दुसरं, धर्मानंद कोसंबी. सिलोनमध्ये भिक्षू झालेला, ब्रह्मदेशात ध्यान केलेला हा गोव्याचा माणूस परत आला तेव्हा सयाजीरावांनी त्यांना महिना पन्नास रुपये देऊ केले. अट एवढीच, की महाराष्ट्रात कुठेही राहा, पण वर्षाला एक पुस्तक बडोदे सरकारसाठी लिहून द्या. पाली वाङ्मय मराठी घरांत पोचलं त्यात या पन्नास रुपयांचा वाटा आहे.

शंका असतील तर विचारा. जमेल तसं सांगेन.

---

मांजलपूरकर

उत्तम माहिती, वाचनखूण साठवली आहे.

एक प्रामाणिक शंका. मी दोन वर्षं अ‍ॅप लावून माइंडफुलनेस करतोय. ऑफिसच्या ताणावर फरक जाणवतो. बुद्ध, शील, मंत्र यांतलं काही न घेता जर काम होत असेल तर बाकीचं कशाला? आणि रविवारी सकाळी उठून गावात कोण येणार!

---

घडियाळी पोळ

फरक जाणवतोय ना, मग चालू ठेवा. ताणासाठी माइंडफुलनेसचा आठ आठवड्यांचा अभ्यासक्रम जॉन कबात-झिन यांनी १९७९ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या वैद्यकीय विद्यापीठात सुरू केला. ते स्वतः झेन शिकलेले होते. रुग्णांना धर्माची अडचण वाटू नये म्हणून त्यांनी भाषा बदलली. पण एक गोष्ट त्यांनीही सोडली नाही: तो अभ्यासक्रम गटात शिकवला जातो. लोक दर आठवड्याला जमतात, एकत्र बसतात, घरच्या सरावाबद्दल बोलतात. अ‍ॅपमध्ये नेमकं तेच गळलं.

शीलाबद्दल माझं मत स्पष्ट आहे. लक्ष तीक्ष्ण करता येतं, ते कशासाठी वापरायचं हे लक्ष सांगत नाही. नेम धरणाऱ्या शिकाऱ्याचंही लक्ष पक्कं असतं. बुद्धाच्या अष्टांगिक मार्गात सम्यक स्मृती, म्हणजे तुमचं माइंडफुलनेस, सातवी येते. तिच्याआधी सम्यक वाणी, सम्यक कर्म, सम्यक आजीविका आहेत. ऑफिसमधला ताण आपण दुसऱ्याला कसं वागवतो यातूनही येतो, आणि तो भाग डोळे मिटून सुटत नाही.

---

वाडी रंगमहाल

ताई, छान लिहिलंत. मी गोएंकाजींच्या परंपरेतली साधिका, इगतपुरीला दहा दिवसांची शिबिरं केलेली. आमच्याकडे पहिले साडेतीन दिवस आनापान (येणारा-जाणारा श्वास बघणं), मग विपश्यना: डोक्यापासून पायापर्यंत संवेदना बघत जायचं, समता ठेवायची. डोळे बंद. तुमच्यात डोळे उघडे आणि 'नुसतं बसा' म्हणतात. मला ते अवघड वाटलं, कारण मनाला धरायला काहीच नाही. दोन्ही करून चालेल का?

---

घडियाळी पोळ

काकू, मूळ एकच. सतिपट्ठान सुत्तात, म्हणजे बुद्धाच्या ध्यानावरच्या उपदेशात, काया, वेदना (म्हणजे संवेदना), चित्त आणि धम्म अशी चार क्षेत्रं सांगितली आहेत. तुमच्या परंपरेने वेदनेचं दार धरलं. झेनमध्ये एखादं दार निवडत नाहीत. जे येईल ते येऊ द्यायचं आणि शरीराची बैठक सोडायची नाही. धरायला काही नाही असं वाटतं तेव्हा बैठकच धरायची: कणा, अंगठे, श्वास.

एकाच बैठकीत दोन्ही मिसळू नका, एवढंच म्हणेन. गोएंकाजींच्या शिबिरांतही पद्धती मिसळू नका असं सांगतात, आणि ते रास्त आहे. विपश्यना तुम्हाला लागू पडलीय तर तीच करा. आमच्याकडे येऊन आपल्या पद्धतीने बसलात तरी माडीवर कुणाची हरकत नाही. फक्त मधल्या किनहिनला उठावं लागेल.

---

फतेगंजचा

सर्वांना सप्रेम जय भीम.

ताई, तुम्ही देवनी मोरी आणि कोसंबींचं लिहिलंत, पण बडोद्याची बौद्ध गोष्ट बाबासाहेबांशिवाय कशी सांगता येईल? याच संस्थानाच्या शिष्यवृत्तीवर १९१३ मध्ये कोलंबियाला गेलेला माणूस १९१७ मध्ये इथे नोकरीला आला तेव्हा गावात त्याला राहायला खोली मिळाली नाही. पारशी वसतिगृहात उतरला, तिथूनही लाठ्या घेऊन आलेल्या लोकांनी बाहेर काढलं. २३ सप्टेंबरला कमाटीबागेत झाडाखाली बसून त्यांनी अस्पृश्यता संपवण्याचा जो संकल्प केला त्याचं स्थळ म्हणजे संकल्पभूमी. माझ्या आजोबांनी ही गोष्ट वडिलांना सांगितली, वडिलांनी मला.

आमच्या घरी त्रिशरण-पंचशील रोज आहे. ध्यान कुणी करत नाही. वडील म्हणतात, बाबासाहेबांनी धम्म दिला तो उभं राहायला दिला, डोळे मिटून बसायला नाही.

आणि झेनबद्दल मी थोडं वाचलंय. जपानमध्ये बुराकू समाजाला शतकानुशतकं अस्पृश्यांसारखं वागवलं. सोतोच्या मंदिरांनी त्यांच्या मृतांना हिणवणारी मरणोत्तर नावं दिली आणि ती वह्यांत, थडग्यांवर लिहून ठेवली. १९७९ मध्ये याच पंथाचा एक मोठा पदाधिकारी आंतरराष्ट्रीय धर्मपरिषदेत म्हणाला की जपानमध्ये असा भेदभाव नाहीच. भिंतीकडे तोंड करून रोज बसणाऱ्या लोकांना शेजारचा माणूस दिसला नाही, तर त्या बसण्याचा उपयोग काय? दुखवायचा हेतू नाही. मनापासून विचारतोय.

---

घडियाळी पोळ

जय भीम, दादा. संध्याकाळपासून उत्तराचा विचार करत होते.

तुम्ही लिहिलंत ते खरं आहे आणि आणखीही आहे. जपानच्या झेन संस्थांनी युद्धाला पाठिंबा दिला होता. सोतो पंथाने त्याबद्दल १९९२ मध्ये जाहीर माफी मागितली. १९७९ चं ते विधानही मागे घ्यावं लागलं. नंतर मंदिरांतल्या वह्या तपासून ती नावं बदलायचं काम हाती घेतलं गेलं. पण हे आपोआप झालं नाही. बुराकू संघटनांनी जाब विचारला म्हणून झालं. त्यावरून माझी खात्री झाली आहे की नुसत्या बसण्याने माणूस न्यायी होत नाही. पाच-पाच तास शांत बसूनही अन्याय न दिसणं शक्य आहे.

म्हणूनच संघ कोणाचा, हा प्रश्न मला पद्धतीइतकाच मोठा वाटतो. आमची माडी ज्या गल्लीत आहे तिथे शंभर वर्षांपूर्वी कोणाला जिना चढू दिला असता आणि कोणाला नाही, हे आम्हा सगळ्यांना माहीत आहे. बैठक सुरू झाली तेव्हा सरांनी दोन गोष्टी ठरवल्या. आसनं आल्या क्रमाने घ्यायची, कुणाची जागा राखीव नाही. आणि झाडणं, कप विसळणं, खालून पाण्याचा हंडा आणणं पाळीने सगळ्यांनी करायचं. पाळी टाळून कामवाल्या बाईंवर ढकलायची नाही. झेनमध्ये कामाला सामू म्हणतात आणि ते साधनेचाच भाग धरतात. चीनमधले झेन आचार्य बाईझांग (७२०–८१४) यांच्याबद्दल सांगतात की म्हातारपणी शिष्यांनी त्यांची अवजारं लपवली तेव्हा ते जेवले नाहीत: ज्या दिवशी काम नाही त्या दिवशी जेवण नाही. आमच्या बँकवाल्या गृहस्थांनी आयुष्यात पहिल्यांदा केरसुणी धरली ती माडीवर. हल्ली ते कोपऱ्यातला केरही काढतात.

तुमच्या वडिलांचं म्हणणं मी खोडणार नाही. एवढंच सांगते की १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला ज्या बावीस प्रतिज्ञा दिल्या गेल्या त्यांत अष्टांगिक मार्गाचं पालन करीन हीसुद्धा आहे, आणि त्या मार्गात सम्यक समाधी आहे. उभं राहणाऱ्यालाही बळ लागतं. झेनच्या चार महाव्रतांतलं पहिलं व्रत असं: प्राणी अगणित आहेत, त्या सर्वांना तारण्याचा मी संकल्प करतो. आम्ही ते दर रविवारी मराठीत म्हणतो. दर सप्टेंबरात संकल्पभूमीवर लोक जमतात, तिथेही आमच्यातले काही जातात.

तुम्ही आलात आणि हेच प्रश्न चहाच्या वेळी विचारलेत, तर आमचा फायदा आहे. वडिलांनाही आणा. त्यांनी नाही बसायचं ठरवलं तरी चालेल.

---

फतेगंजचा

उत्तर आवडलं. गोल गोल बोलला नाहीत. केरसुणीचं वडिलांना वाचून दाखवलं, ते "बघू" म्हणाले. आमच्या घरात "बघू" म्हणजे बरंच झालं.

---

पेंटिंग_तिसरं_वर्ष

मी त्या माडीवर येणाऱ्यांपैकी एक. नवख्यांसाठी माझ्याकडून:

पाय बधिर होणं आणि गुडघा दुखणं या वेगळ्या गोष्टी आहेत. बधिर पाय बैठक संपल्यावर चोळला की परत येतो. त्याला जाग येईपर्यंत उभे राहू नका, पडाल. गुडघ्यात आतून कळ आली तर लगेच हात जोडून बैठक बदला. कुणी वाईट बघत नाही. सहन करणं म्हणजे साधना हा गैरसमज सर पहिल्याच दिवशी काढून टाकतात.

आवाजाचं म्हणाल तर नवरात्रात रात्री गरब्यामुळे झोप अपुरी असते, उत्तरायणाला (संक्रांतीला) पहाटेपासून गच्चीवर पतंग काटल्याच्या "काट्यो छे!" आरोळ्या सुरू होतात. पहिल्या वर्षी मी फार वैतागले होते. आता आवाज येतो आणि जातो, श्वासासारखाच. माझ्या चित्रांवर परिणाम झाला का असं मित्र विचारतात. एवढं सांगू शकते की कोऱ्या कॅनव्हासपुढची घाई कमी झालीय.

---

डॉ_कारेलीबाग

विषय चांगला आहे, म्हणून डॉक्टर या नात्याने एक सूचना. नैराश्य, पॅनिक किंवा जुन्या आघाताचा त्रास असलेल्यांनी लांब, मौनातली शिबिरं थेट करू नयेत. शांत बसल्यावर दाबलेलं वर येतं आणि काहींना ते झेपत नाही. चालू औषधं ध्यान सुरू केलं म्हणून परस्पर बंद करू नका. अशांनी छोट्या बैठकीने, डोळे उघडे ठेवून, ओळखीच्या माणसांत सुरुवात करावी आणि आपल्या मानसोपचारतज्ज्ञाला कल्पना द्यावी.

---

घडियाळी पोळ

डॉक्टर, मनापासून आभार. नव्या माणसाला आम्ही हे आधीच विचारतो आणि कुणी सांगितलं तर ते माडीबाहेर जात नाही.

---

परदेशस्थ बडोदेकर

मी इथे थिक न्यात हान (१९२६–२०२२) यांच्या परंपरेतल्या गटात जातो. तेही झेनच, व्हिएतनामचं. १९८२ मध्ये त्यांनी फ्रान्समध्ये प्लम व्हिलेज सुरू केलं. आमच्याकडे बसणं कमी आणि दिवसभराचं भान जास्त: घंटा ऐकली की हातातलं काम थांबवून तीन श्वास, भांडी घासताना भांडी घासणं.

तुम्हाला उपयोगी पडेल अशी एक रीत सांगतो. बैठकीनंतर बोलण्याची फेरी असते. बोलायचं त्याने हात जोडायचे, सगळ्यांनी उलट हात जोडायचे. तो बोलत असताना कुणी मध्ये बोलायचं नाही, सल्ला द्यायचा नाही. संपलं की पुन्हा हात जोडायचे. आपल्या लोकांना सल्ला न देता ऐकणं किती जड जातं ते पहिल्याच फेरीत कळेल! पण माणसं खरं बोलायला लागतात ती त्यामुळेच.

---

घडियाळी पोळ

आमच्या चहाच्या वेळी सल्ल्यांचा पाऊसच असतो. ही रीत येत्या रविवारी मांडते.

---

मांजलपूरकर

ताई, यायचं ठरवलंय. आईही म्हणते येते. तिचं वय बहात्तर, दोन्ही गुडघे बदललेले, मांडी शक्यच नाही. खुर्चीवर चालेल का?

---

घडियाळी पोळ

चालेल, आमच्यात दोघी खुर्चीवरच बसतात. हात नसलेली, कडक बैठकीची खुर्ची हवी. पाठ टेकायची नाही, पुढच्या अर्ध्या भागावर बसायचं, पावलं पूर्ण जमिनीवर. पाय पोचत नसतील तर खाली पाट ठेवू. किनहिनच्या वेळी त्यांनी बसूनच राहिलं तरी हरकत नाही.

जिना मात्र अरुंद आणि चढा आहे, कठडा एकाच बाजूला. त्यांना ते अवघड वाटलं तर आधी व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. खालच्या ओसरीवर बैठक घेऊ, वाड्याच्या मालकीणबाईंनी तशी मुभा दिलेली आहे. सकाळी गाडी गल्लीत आणू नका, दूधवाल्यांची गर्दी असते. सुरसागरच्या बाजूला लावून पाच मिनिटं चालत या.